सात की आठ? : ताशा, सराव आणि माझे कान

ताशावाली

नमस्कार मंडळी. गेल्या जानेवारीत नव्या नोकरीत रुजू होण्याआधी वैद्यकीय तपासणी झाली. कारखान्यातली नोकरी, म्हणून त्यात ऑडिओमेट्रीही होती. नाहीतर एकतिसाव्या वर्षी कान तपासून घ्यायला कोण जातं?

बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. सुरुवातीच्या जाड शिट्ट्या पटापट दाबल्या. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेपलीकडच्या ताईंकडे पाहिलं, तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. तेव्हा पोटात गोळा आला.

आलेख हातात आला. २५० पासून २००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी; आकडा मोठा तेवढा आवाज बारीक) रेघ सरळ. ४००० ला एकदम ४५ डेसिबलपर्यंत खाली, म्हणजे त्या पट्टीची शिट्टी तेवढी मोठी केल्यावरच मला ऐकू आली. ८००० ला पुन्हा थोडी वर. दोन्ही कान सारखेच. ताईंनी विचारलं, "आधी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, यंत्रांवर होतात का?" म्हटलं, नाही, मी ऑफिसातच होते. "मग काही वाजवता का?"

वाजवते. पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात नऊ वर्षं ताशा वाजवते आहे. जूनअखेरीस सराव सुरू होतो, नदीकाठी, संध्याकाळी जवळजवळ तीन तास. मग गणपतीचे दहा दिवस, आणि अनंत चतुर्दशीला तर मोजदादच नाही. कानात कापूस घालायचा, एवढंच आम्हाला माहीत. सरावानंतर कानाला दडे बसायचे, बारीक कुईं आवाज येत राहायचा, आणि सकाळी उठेपर्यंत सगळं मोकळं. त्यामुळे मनात कधी शंकाही आली नाही.

आता मागे वळून पाहिलं तर खुणा होत्या. गेल्या वर्षी आत्याने बहिणीच्या केळवणाला फोनवर "सात वाजता ये" म्हणून सांगितलं. मी आठला पोचले. पानं उठली होती. मी शपथेवर सांगितलं की आत्या, तू आठच म्हणाली होतीस. आत्या हसली, विषय संपला. पण त्या तपासणीनंतर मला तो फोन रोज आठवतो.

मला ताशा सोडायचा नाही. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा भाग आहे. पण उरलेलं ऐकणंही घालवायचं नाही. पथकात, लोकलमध्ये, कारखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये... तुम्ही कान कसे सांभाळता? जाणकारांनीही लिहावं.


कानमंत्र

ताशावाली, मी ऑडिओलॉजिस्ट आहे. चौदा वर्षं हेच काम करते. तुम्ही वर्णन केलेला आलेख माझ्याकडे इतक्यांदा येतो की न बघताही डोळ्यासमोर उभा राहिला. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा रेघ वरच्या पट्टीकडे उतरतच जाते. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेत ती चार हजारच्या आसपास खड्ड्यात जाते आणि पुढे पुन्हा चढते. हा खड्डा दिसला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो कामाचा, दुसरा वादनाचा.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, कॉक्लिया. तिच्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. पक्ष्यांमध्ये त्या मेल्या तर पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. वरच्या पट्टीच्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात आणि आधी त्या जातात. चार हजारच का, याचं एक कारण असं, की आपल्या कानाची बाहेरची नळीच तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप मोठा करते, आणि इजा त्याच्या जरा वरच्या पट्टीत सगळ्यात जास्त होते.

आता 'सात' आणि 'आठ'. मराठीत 'आ', 'ओ', 'ऊ' हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरदार. 'स', 'श', 'फ', 'थ', 'ख' ही व्यंजनं वरच्या पट्टीची आणि हळू. तुमच्या आत्याचा 'आ' पोचला, 'स' वाटेत गळला. फोनवर ओठ दिसत नाहीत, त्यामुळे भर घालायला काही उरलं नाही. "ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत" हे वाक्य माझ्याकडे येणारे निम्मे लोक बोलतात. घरच्यांना वाटतं, माणूस लक्ष देत नाही.

सकाळी कान मोकळे होतात त्याबद्दल. हिरवळीवरून एकदा चालत गेलात तर गवत संध्याकाळपर्यंत उभं राहतं. रोज त्याच रेषेत चाललात तर पायवाट पडते, मग तिथे गवत येत नाही. त्यातही एक वाईट बातमी आहे. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका संशोधनात दिसलं, की एकदाच बसलेल्या दड्यातून ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत राहिल्या, पण त्यांना मज्जातंतूंशी जोडणारे सांधे कायमचे गेले. म्हणजे कान मोकळा वाटला तरी हिशेब शून्यावर आलेला नसतो. दडा बसणं, कुईं वाजणं ही इजा झाल्याचीच खूण समजा.

हिशेबाचं सांगते, कारण तो एकदा डोक्यात बसला की बाकीचं सोपं जातं. डेसिबल आपल्या नेहमीच्या मोजमापासारखं नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मी होते. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेने शिफारस केलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास. ८८ ला ४, ९१ ला २, ९४ ला १ तास. ९७ ला अर्धा तास. १०० ला १५ मिनिटं. तुमचा सराव तीन तासांचा आहे. बाकी गणित तुम्हीच करा.


ताशावाली

केलं. सरावाच्या दुसऱ्याच गजरात (वादनाच्या फेरीत) माझा दिवस संपलेला असतो.


कसबा_पेठ

विषय महत्त्वाचा आहे, मान्य. पण मनातलं बोलतो. कानाचं निघालं की बोट नेहमी गणपतीच्या मिरवणुकीकडेच का वळतं? वर्षाचे ३६५ दिवस हॉर्न वाजतात, बांधकामाचे ब्रेकर चालतात, त्याचं काय? आमच्या काकांनी आयुष्यभर ढोल वाजवला, त्यांना काही झालं नाही. २०२४ मध्ये हरित लवादाने पथकात तीसच वादक असावेत असा आदेश दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केला. ढोल-ताशा हा पुण्याचा जीव आहे. अशा धाग्यांमुळे नव्या मुलांच्या मनात भीती बसते.


ताशावाली

कसबा_पेठ दादा, राग येणं मी समजू शकते, कारण मीही पथकातलीच आहे. पथकात किती जण असावेत हा माझा विषयच नाही. ताशा वाजवणाऱ्याच्या कानात काय घातलेलं आहे, एवढंच मी विचारते आहे. कमरेला ढोल बांधताना दोरी रुतू नये म्हणून आपण पट्टा लावतो, बोटं फुटू नयेत म्हणून टेप गुंडाळतो. त्याने कुणाला भीती बसली नाही.

आणि काकांचे कान कधी तपासले आहेत का? खरंच विचारते. मलाही तपासेपर्यंत काही झालेलं नव्हतं.


कसबा_पेठ

नाही तपासले. टीव्हीचा आवाज त्यांचा मोठा असतो, एवढं खरं. बघतो.


वस्त्रनगरी

मी इचलकरंजीचा. इथं कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. पण हे वाचून राहवलं नाही.

माझ्या वडलांनी ३८ वर्षं माग चालवला. साधा यंत्रमाग, धोट्याचा (धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा तुकडा). धोटा एका बाजूनं मारला की दुसऱ्या बाजूला जाऊन आदळतोय, परत येतोय, मिनिटाला शेकड्यानं वेळा. असे पन्नास-साठ माग एका पत्र्याच्या शेडमध्ये. बारा तासांची पाळी. बाहेर रस्त्यावर उभा राहिलात तरी पायाखाली जमीन हालल्यागत वाटते. शेडमध्ये माणसं बोलत नाहीत, ओठ वाचतात. हातवारे ठरलेले. सूत संपलं याचा एक, जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) बोलव याचा एक, चहा आला याचा एक. लहानपणी मी डबा घेऊन जायचो तेव्हा मला हे खेळासारखं वाटायचं, मीही दोन-चार शिकलो होतो.

एक गोष्ट मात्र तेव्हाही अंगावर यायची. लाईट गेली की सगळे माग एका दमात बंद पडायचे. एकदम शांत. आणि त्या शांततेत माणसं मात्र तशीच ओरडत बोलत राहायची. शेजारी बसून, तोंडाला तोंड लावून, ओरडत. त्यांना कळतच नव्हतं की आता गरज नाही.

वडील घरी आले की आई आधी त्यांच्या खांद्याला हात लावायची, मग समोर येऊन बोलायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही भावंडं चिडायचो, दहादा हाक मारावी लागते म्हणून. वडलांना वाटायचं आम्ही तोंडातल्या तोंडात बोलतो, त्यांना टाळतो. किती वर्षं घरात हाच वाद. पन्नाशीत तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे मागाचं आहे आणि आता परत येणार नाही. ऐकायचं मशीन घेतलं. मशीननं आवाज मोठा येतोय, पण शब्द सुटा होत नाही म्हणतात. ताटं आपटली की दचकतात, आणि नात "आजोबा" म्हणाली तर कळत नाही, कारण तिचा आवाज बारीक.

शेडमध्ये कुणी कधी कान तपासले नाहीत. कानात घालायला काही दिलं नाही. मालकही त्याच आवाजात बसायचा, त्यालाही आता ऐकू येत नाही. मी नंतर वाचलं तेव्हा कळलं, की मोठ्या आवाजानं आलेलं बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होतं, म्हणजे डॉक्टरनं सरकारला कळवायला लागणारा रोग होता. कामगार भरपाईच्या कायद्यातही व्यवसायजन्य आजार म्हणून धरला होता. आमच्या गल्लीत हे एकालाही माहीत नव्हतं. भिवंडी, मालेगावातले कुणी वाचत असाल तर घरी सांगा. जे आज पंचविशीत मागावर उभे आहेत त्यांच्यासाठी सांगा.

ताशावाली ताई, तुम्हाला एकतिसाव्या वर्षी कळलं. वडलांना कळलं असतं तर घरातले निम्मे वाद झाले नसते.


ताशावाली

वस्त्रनगरी, काय लिहू कळत नाही. आईने खांद्याला हात लावणं वाचून थांबले. इथे लिहिलंत, फार बरं केलंत.


कानमंत्र

वस्त्रनगरी, वडलांसाठी दोन गोष्टी. मशीनचं सेटिंग एकदाच करून भागत नाही. आलेखाप्रमाणे वरची पट्टी वाढवावी लागते, मोठ्या आवाजाला मर्यादा घालावी लागते (ताटांच्या आवाजाने दचकतात त्याला हाच उपाय), आणि पहिले काही महिने पुन्हा पुन्हा जाऊन जुळवून घ्यावं लागतं. बरेच जण पहिल्याच महिन्यात मशीन डबीत ठेवून देतात. आणि नातीला सांगा, समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, सावकाश बोलायचं. ओरडायचं नाही. ओरडल्याने 'आ' मोठा होतो, 'स' होत नाही. तुमच्या आईंनी जे केलं तेच आम्ही पैसे घेऊन शिकवतो.

मुंबईला येणं शक्य असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. तपासणी आणि मशीन दोन्हींसाठी तिथे चौकशी करा.


८_१३_बदलापूर

लोकलवाल्यांच्या वतीने. रोज जाऊन-येऊन अडीच तास, कानात इअरफोन. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत वाढवत कुठे नेतो ते कळत नाही. परवा ऑफिसात शांत खोलीत तोच आवाज लावला तर शेजारचा म्हणाला, मला इथपर्यंत गाणं ऐकू येतंय. यात धोका कितपत?


कानमंत्र

शेजारच्याला ऐकू येतंय म्हणजे जास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याचा आहे: मोठ्यांना ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांना ७५. ९० ला गेलात की आठवड्यात ४ तासच उरतात, १०० ला २० मिनिटं. तुमचे आठवड्याचे पंधरा तास होतात.

खरी अडचण गाण्याची नाही, गाडीची आहे. बाहेरचा आवाज अडवलात की गाणं आपोआप हळू लावाल. कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या, जमलं तर बाहेरचा आवाज खोडणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगवाले. आवाजाची पातळी घरी, शांततेत ठरवा आणि गाडीत ती ओलांडू नका. बऱ्याच फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवता येते, ती बांधा. रूळ ओलांडताना आणि रस्त्यावर मात्र दोन्ही कान मोकळे हवेत, हे बदलापूरकराला मी सांगायला नको.


छोटूची_आई

बाळ पाच महिन्यांचं आहे. पुढच्या महिन्यात दिराचं लग्न, वरातीत डीजे असणारच. सासूबाई म्हणतात, बाळाला घेऊन थोडा वेळ तरी नाचायला हवं. कानात कापूस घालू का?


कानमंत्र

छोटूची आई, कापूस नको. कोरडा कापूस आवाज जेमतेम अडवतो आणि आपल्याला उगाच धीर देतो. लहान बाळाला फोमचे प्लगही नकोत, नळी बारीक असते आणि निघाला तर तोंडात जाऊ शकतो. बाळांसाठी डोक्यावरून बसणारे इअरमफ मिळतात, ते घ्या आणि लग्नाआधी घरी दोन-तीनदा घालून सवय लावा. बाळाच्या कानाची नळी लहान असल्यामुळे तोच आवाज त्याच्या पडद्यावर आपल्यापेक्षा जोरात पोचतो.

इअरमफ घातले तरी स्पीकरच्या भिंतीजवळ नेऊ नका. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या भिंतींवरून आवाज परततो, तिथे तेवढाही उतरत नाही. सासूबाईंना माझ्या वतीने सांगा, नाचायचा मान बाळाला घरच्या अंगणातही देता येतो.


छोटूची_आई

वाचून दाखवलं. त्याच म्हणाल्या, मग मी बाळाला घेऊन वर खोलीत बसते, तुम्ही नाचा.


निवृत्त_नाशिककर

बांधकाम आणि हॉर्नचा मुद्दा कसबा_पेठ यांनी काढला तो योग्यच आहे. नियम सगळ्यांना लागू आहेत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे केंद्राचे नियम बघा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालयं, शाळा, न्यायालयांभोवती किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे ५० आणि ४०. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं.

तक्रारीसाठी पोलिसांच्या ११२ ला फोन लावता येतो. लोक घाबरतात ते नाव उघड होईल म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या निकालात, तक्रारदाराची ओळख उघड होऊ देऊ नका असं पोलिसांना बजावलं आहे. मी स्वतः दोनदा फोन केला. एकदा कुणीही आलं नाही. एकदा आले आणि वीस मिनिटांत ब्रेकर बंद झाला. तिसऱ्यांदाही करणार.

हॉर्नचं म्हणाल तर मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला लोकांसमोर आणलेला प्रयोग मला आजही आवडतो. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचा लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवणाऱ्यालाच थांबायला लागायचं.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरचा विसर्जन मिरवणुकीचा आवाज सीओईपी या तिथल्या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी वर्षानुवर्षं मोजत आले आहेत, ते आकडे वर्तमानपत्रात येतात. ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी आधी ते बघावेत.


गृहिणी_सातारा

मिक्सर आणि कुकरच्या शिट्टीचं काय? रोज चटणी वाटते.


कानमंत्र

ताई, निश्चिंत राहा. मिक्सर जोरात असतो खरा, पण दोन-तीन मिनिटं चालतो. आवाज आणि वेळ, दोन्ही मिळून हिशेब होतो. दिवसभर मसाला कांडण्याची गिरणी चालवणाऱ्यांनी मात्र इअरमफ घालायलाच हवेत.


रातकिडा

माझ्या डाव्या कानात सहा महिन्यांपासून रातकिड्यासारखा आवाज आहे. रात्री जास्त. कीर्तनात पखवाज वाजवतो. कुणी म्हणतं तेल घाल, कुणी म्हणतं दुर्लक्ष कर.


कानमंत्र

तेल घालू नका. ऑडिओमेट्री करून घ्या आणि नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा, मुख्यतः आवाज एकाच कानात आहे म्हणून. त्याची कारणं वेगळी असू शकतात, ती आधी बाजूला काढावी लागतात. रात्री तो मोठा वाटतो कारण बाकी सगळं शांत होतं. पंखा किंवा पावसासारखा हळू आवाज खोलीत ठेवून बरेच जण झोपू शकतात.

हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा: एका कानाने एकाएकी, तासाभरात किंवा एका रात्रीत ऐकू येणं बंद झालं तर ती तातडीची गोष्ट आहे. मळ असेल, सर्दी असेल म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जा. स्टेरॉइडचा उपयोग लवकर सुरू केलं तरच चांगला होतो. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी स्वतः जाहीर केलं होतं की विमानातून उतरल्यावर त्यांना अचानक ऐकू येईनासं झालं. त्यांचं निदान विषाणूमुळे झालेल्या इजेचं होतं, हेडफोनमुळे नव्हे. तरी मोठ्या आवाजातल्या संगीताबद्दल आणि हेडफोनबद्दल त्यांनी चाहत्यांना सावध केलं.


रातकिडा

शुक्रवारची वेळ घेतली.


बे_एरियातला_ढोल

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या पथकात कानातल्या प्लगशिवाय सरावाला उभं करत नाहीत. सुरुवातीला मीही कुरकुर केली. फोमचा प्लग घातला की ढोल पाण्याखालून ऐकल्यासारखा येतो, ताशाची तर्री, म्हणजे बारीक कडकडाट, तर गायबच. मग वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग घेतले. ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच खाली आणतात, त्यामुळे ताशाचा बारकावा कळतो, फक्त लांबून ऐकल्यासारखा. महाग आहेत, पण धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतात. सवयीला मला चार सराव लागले. पाचव्याला लय आधीपेक्षा चांगली ऐकू यायला लागली, कारण कान भांबावत नव्हते.


ताशावाली

हेच हवं होतं. कानमंत्र ताई, फोमचा प्लग घालायची नीट रीत सांगाल का? मी डबाभर आणलेत, पण निम्म्या मुलांचे बाहेरच लोंबकळतात.


कानमंत्र

लोंबकळतात म्हणजे आत गेलेलेच नाहीत. हात स्वच्छ धुवा. प्लग दोन बोटांत फिरवून फिरवून बारीक, सुरकुती न पडलेली वात करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, त्याने नळी सरळ होते. वात आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. लोक इथेच चुकतात, लगेच सोडतात आणि प्लग बाहेर फुगतो. बरोबर बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा येतो. समोरून बघितलं तर प्लग कानाबाहेर जवळजवळ दिसू नये.

खोक्यावर ३०-३२ डेसिबल लिहिलेलं असतं, तो प्रयोगशाळेतला आकडा. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास मिळाले तरी चांगलं समजा. पण पंधरा डेसिबल म्हणजे वेळ पाचदा दुप्पट. १०० ला पंधरा मिनिटं मिळत होती, तिथे आठ तास मिळतात.

एक मात्र पाळा. मध्ये मध्ये काढायचा नाही. तीन तासांपैकी निम्मा वेळ प्लग काढून ठेवला तर प्लग कितीही भारी असो, एकूण फायदा तीन डेसिबलच्या वर जात नाही. बोलायचं असेल तर मैदानाच्या कडेला या, तिथे काढा. आणि फोनवरच्या मीटरवर फार विसंबू नका. त्याचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, ताशासमोर तो तोकडा पडतो.


कसबा_पेठ

काकांना घेऊन गेलो होतो काल. दोन्ही कानांची रेघ ४००० ला ६० डेसिबलच्याही खाली. काका बाहेर येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "मला वाटायचं तुम्ही सगळे हल्ली हळू बोलता." मला काही सुचलं नाही.

ताशावाली, आमच्याही पथकात सांगतो आहे. त्या डब्याचं नाव आणि कुठून घेतला ते व्यनि (खाजगी निरोप) करा.


ताशावाली

केला. काकांना नमस्कार सांगा.

सरावाचा पहिला आठवडा झाला, म्हणून लिहिते. पथकप्रमुखांना आलेख दाखवला, तेवढंच पुरलं. आता हजेरीच्या टेबलावर, कमरेच्या पट्ट्यांशेजारी प्लगचा डबा असतो. ताशाची रांग दर दोन गजरांनी बदलते, सारखं एकच जण मध्ये उभं राहत नाही. एका तासाने दहा मिनिटं सगळी वाद्यं खाली, तेव्हा मैदानाच्या टोकाला जाऊन पाणी प्यायचं. झांजेच्या रांगेतल्या शाळकरी मुलांना ताशांपासून लांब, ध्वजांच्या बाजूला हलवलं. पहिल्या दिवशी कुरकुर झाली, दोघांनी घालायला नकार दिला. तिसऱ्या दिवशी त्यातलाच एक येऊन म्हणाला, ताई, काल रात्री कानात कुईं वाजलं नाही.

मी फिल्टरवाले घेतले आहेत. पहिले दोन दिवस हात जड पडत होते, जोर किती लावते आहे ते कळत नव्हतं. आता बसलं आहे. काल सराव संपवून पुलावरून घरी जाताना नदीकडून बेडकांचा आवाज आला. नऊ वर्षांत सरावानंतरच्या रात्री तो मी ऐकलेला नव्हता.

दुसऱ्या बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे. आत्याला सांगितलं आहे की वेळ फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव. ऑडिओमेट्री विसर्जनानंतर महिन्याभराने पुन्हा करणार आहे, दोन्ही आलेख शेजारी शेजारी इथेच टाकते.